फुगलेला आकडा

उप्साला, गुरुवार

लाडके मायवोर,

नीट पोहोचले, जेवतेही आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आज माझ्या एव्हर्टच्या प्रयोगशाळेत नव्या लेखाच्या आनंदात आपल्याकडचा तो समारंभाचा हिरवा केक पुढे आला आणि मला किळस आली. तो वारल्यापासून त्याचेच लेख वाचून एवढं कळलंय: त्यांच्या सौरघटाच्या पदार्थात विजेबरोबर आयन, म्हणजे भारित अणूही सरकतात. व्होल्टेज उतरवत मोजलं की कार्यक्षमतेचा आकडा फुगतो, चढवत मोजलं की खाली बसतो. एव्हर्ट दोन्ही छापायचा. त्याचा सहकारी स्टफान या लेखात फक्त फुगलेला छापतोय, वर पहिलं नाव एव्हर्टचं!

“अगं गुनवोर, सगळेच असं करतात. श्रद्धांजली समज,” स्टफान म्हणाला.

“मेलेल्याच्या तोंडी खोटं घालतोस? दुसरा आकडा घाल, नाहीतर नाव काढ.”

स्टफान मेल्याने आकडा तसाच ठेवला आणि एव्हर्टचं नाव काढलं.

तो शेवटचाच लेख होता; माझ्या नवऱ्याचं नवं काही आता छापून येणार नाही. आईला सांगू नकोस.

तुझीच ताई,
गुनवोर