मेत्रोचं स्टूल

मिलर्स रन, ४ मार्च

चि. मेत्रोस, अ. उ. आ.

गुडघ्याची हकीकत वाचली. या वयात पन्हाळी साफ करायला शिडीवर चढलास, तर दुसरं काय होणार? बार्बराला सांग, शिडी विकून टाक.

आमच्याकडे बर्फ वितळलं, ओढा दणकून वाहतोय. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस म्हणून चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी आम्ही बायका बटाट्याचं सारण भरून पिरोही करतो. बाकीच्या जणी डोंगराला वळसा घालून येतात आणि वाटभर गावाचा कारभार बघणाऱ्या सुपरवायझर केसलरला शिव्या घालतात. कारण ओढ्यावरचा पूल! गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे, आणि आता केसलर म्हणतो दुरुस्ती कशाला, पाडूनच टाकू, पलीकडे राहतंय कोण? भर सभेत उभी राहून म्हटलं, मी राहते की! मी, चर्च, आणि वरच्या दफनभूमीत आई-बाबा. पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही रे. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की पूल गेला तर एकटीने इथे राहायचं नाही. बर्फात वळशाचा रस्ता बंद असतो, अँब्युलन्स यायची कुठून? म्हणजे पूल पडला की माझं घर सुटलंच म्हणायचं.

केसलरच्या विरोधात निवडणुकीला आपल्या हानियाची लेक टेकला उभी आहे, माझ्याच हातांवर बाप्तिस्मा झालेली. पण तीही उभी आहे केसलरसारखीच रिपब्लिकन म्हणून. डेमोक्रॅटांकडून इथे उभं राहायलाच कुणी उरलं नाही. मे महिन्यातल्या पक्षांतर्गत मतदानात रिपब्लिकन आपल्यातला जो निवडतील, तोच नोव्हेंबरात खुर्चीवर. आणि मेमध्ये ज्या पक्षात आपलं नाव, त्याच पक्षाची मतपत्रिका हातात पडते. खाणी बंद पडल्या तशी सगळी दरी एकेक करत तिकडे गेली. बाबांच्या मागे युनियनचा झेंडा धरून चालणारा पीट झुर्को, तोसुद्धा! आता मतदान केंद्रावर डेमोक्रॅट मतपत्रिकेला 'स्तासियाची मतपत्रिका' म्हणतात मेले.

टेकला पक्ष बदलायचा फॉर्म घेऊन आली होती. कॉफी पाजली आणि फॉर्मसकट परत पाठवली. भिंतीवरच्या फोटोतून बाबा बघत होते, मरेपर्यंत डेमोक्रॅट. घरात एक फितूर झाला तो पुरे. तू चौऱ्याऐंशी साली रिपब्लिकन झालास तेव्हा नाताळच्या आदल्या रात्री बाबांनी तुला टेबलावरून उठवून स्वयंपाकघराच्या दाराशी पोरांच्या स्टुलावर बसवलं होतं, आठवतं ना? ते अजून तिथेच आहे. 'मेत्रोचं स्टूल'च म्हणतात सगळे.

बार्बराला आशीर्वाद. आळशीपणा न करता उत्तर लिहावं, एवढाच लोभ या म्हातारीवर असू दे.

तुझी ताई,
स्तासिया

फिलाडेल्फियाजवळून, १३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

शिडी विकली. बार्बराने तुझं पत्र मोठ्याने वाचलं, मग सुटका कसली?

पुलाचं वाचलं. ताई, सरळ इकडेच ये. बागेकडची खोली रिकामी आहे. बार्बराने पडदेसुद्धा पसंत करून ठेवलेत, म्हणजे ती तुझ्या येण्यापेक्षा पडद्यांसाठीच अधीर आहे असं समज.

आता बसून वाच. हातात कप असेल तर खाली ठेव. मी दोन वर्षांपूर्वी डेमोक्रॅट झालो. हस, हस! न्यूयॉर्क, न्यूजर्सीकडून इतकी माणसं राहायला आली की पूर्वी इथे रिपब्लिकन उभा राहिला की निवडून आलाच समजायचं, ते सगळं उलटं झालं. इथल्या एका डेमोक्रॅट शहाण्याला वाचनालय बंद करायचं होतं. त्याला पाडायचं तर त्याच्याच पक्षात नाव घालणं भाग होतं. घातलं. तो पडला. म्हणजे मी बाबांच्या पक्षात परत आलो, आणि तुला सांगायची हिंमत होत नव्हती. चाळीस वर्षं तुझ्याशी वाद घातल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार?

रागावलीस तरी चालेल, लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझा धाकटा,
मेत्रो

मिलर्स रन, २३ एप्रिल

चि. मेत्रोस, अ. उ. आ.

हसता हसता कवळी बाहेर आली माझी! चर्चमध्ये सांगितलं तर पिरोही लाटणाऱ्या बायका लाटणी टाकून हसत सुटल्या. ईस्टरच्या फराळाच्या टोपलीला आशीर्वाद देताना फादरसुद्धा तुझी चौकशी करत होते.

पण माझा शहाणपणा मला नडलाय रे. तुझं पत्र वाचून मनात आलं, हा बदलतो तर मी का अडून बसलेय? टेकलाकडून फॉर्म मागवला. पण रिपब्लिकनच्या चौकोनावर पेन जाईना. मग म्हटलं मधला मार्ग काढू. ना इकडची ना तिकडची, 'स्वतंत्र' लिहून टाकलं. बाबांचंही मन राहिलं, टेकलाचंही काम झालं! मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारला. म्हणे मावशी, स्वतंत्रांना मेमध्ये मला मत देताच येत नाही! डेमोक्रॅटांकडे होतं ते एक मतसुद्धा मी माझ्या हाताने घालवलं बघ.

पाच मेपर्यंत पुन्हा बदलता येतं. टेकला नुसता खसखशीचा रोल ठेवून गेली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. रविवारी फादर थडग्यांना आशीर्वाद द्यायला वर येतील. बाबांसमोर उभी राहून काय सांगू? तूच सांग. तुझ्याइतका अनुभव या घरात कुणाला नाही.

माया आहेच, ती पत्रातून कळवत जा.

ताई

फिलाडेल्फियाजवळून, २८ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न.

खोली रंगवून झाली, फिकट पिवळा दिलाय. मी गप्प बसलो असतो तर पूल पडला असता आणि तू इथे आली असतीस. खरं सांगतो, दोन दिवस मी गप्प बसायचंच ठरवलं होतं. तू इथे असावीस असं मला फार वाटतं, ताई. जेवताना तुझी बोलणी खायची सवय गेली नाही अजून.

पण तू इकडे आलीस तर बाबांपाशी तिकडे कोण? थडग्यावर मेणबत्ती कोण लावेल? बाबांना त्यांचा पक्ष प्यारा होता हे मला कोण शिकवणार, स्टुलावर तर मीच बसलो. पण घर सोडायची वेळ आली असती तर बाबांनी काय केलं असतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फॉर्म पुन्हा भर. रागावले तर माझं नाव सांग, त्यांना सवय आहे.

पडदे आम्ही पाहुण्यांसाठी ठेवू. लोभ जसा आहे तसाच राहू दे, फार गोड झालीस तर मला काळजी वाटेल.

मेत्रो

मिलर्स रन, २२ मे

चि. मेत्रोस, अ. उ. आ.

टेकला जिंकली! थोडक्यात, पण जिंकली. नोव्हेंबरात समोर कुणी नाही. बाकीच्या दोघा सुपरवायझरांनी वारं ओळखून लगेच ठराव केला, की नवी माणसं येईपर्यंत पुलाला हात लावायचा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा हिवाळा टेकला मुक्कामाला राहणार असेल तर माझी हरकत नाही. टेकला तर बिऱ्हाड घेऊनच यायला निघाली आहे. मेत्रो, माझं घर राहिलं रे.

मतदानाला फायर हॉलमध्ये गेले. पीट मतदारयादी घेऊन टेबलाशी बसला होता. मला दारात बघून त्याने सवयीने 'स्तासियाची मतपत्रिका' काढून वर पेन ठेवून दिलं. मला सगळ्यांदेखत सांगावं लागलं की ही नको, दुसरी. दोनदा सांगावं लागलं. पीटने यादीत नाव पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं, आणि दुसरी मतपत्रिका दिली. कुणी टाळी वाजवली असती तर मी तशीच घरी आले असते. बाहेर पडताना पीट एवढंच म्हणाला की पहिल्या वेळी त्यालाही रडू आलं होतं. मी म्हटलं, मी कुठे रडतेय? रडत होते रे.

परतताना दफनभूमीत गेले. बाबांना सगळं सांगितलं, अगदी तुझंसुद्धा. टेकलाला फॉर्मचं विचारून ठेवलंय, जूनमध्ये मी परत बाबांच्या पक्षात. ती म्हणते, मावशी, आमच्या कचेरीत तुझ्यासाठी वेगळा खण ठेवायला लागेल.

रंगवलेल्या खोलीत मी ऑगस्टमध्ये पंधरा दिवस येईन, पडदे बघायला. पण नाताळच्या आदल्या रात्री तुम्ही दोघांनी इकडे यायचं. यंदा बर्फ पडायच्या आत वळसा घालून या, पुढच्या वर्षी पुलावरून. मशरूमचं सूप, खसखशीत घोळलेल्या गोड बोबाल्की, सगळं करते. आणि आल्या आल्या सवयीने दाराशी जाऊन बसू नकोस. टेबलाशी बाबांच्या खुर्चीशेजारी तुझं ताट मांडीन. ते स्टूल यंदा माझं आहे.

तुझी वाट बघणारी,
ताई