रेनो तीनपर्यंतच मोजायचा

हॅन्कॉक, मिशिगन
२१ ऑक्टोबर

चि. ड्वेन यास,

कसा आहेस? इकडे आम्ही ठीक. परवा पहिला बर्फ पडला, पण टिकला नाही. क्लिफचा गुडघा पुन्हा सुजलाय, आणि डॉक्टरचं नाव काढलं की माझ्या नवऱ्याला नेमकी लाकडं फोडायची आठवण होते. बटाटे यंदा बरे आले. शेजारच्या युजीनने नवीन ट्रक घेतला आणि पहिल्याच आठवड्यात खांबाला ठोकला. बाकी गाव आहे तसंच आहे.

पत्र बघून हसशील. ‘ताईला फोन करता येत नाही का?’ म्हणशील. येतो रे, चांगला येतो. पण फोनवर तू ‘हो हो, बरोबर, बरोबर’ म्हणत तिसरंच काहीतरी करत बसलेला असतोस. पत्राला ‘हो हो’ म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझी पेटी पोचली. उघडायलाच क्लिफचा चाकू लागला, इतकी पक्की बांधली होतीस. काळी, जड, वर सोनेरी अक्षरं: ‘शाफ्टहाऊस: संपूर्ण ध्वनिमुद्रणं’. तू, मी आणि मावशीचा रेनो, आपल्या तिघांच्या बँडला एवढा थाट कधी मिळाला नव्हता. आत तीन जुन्या तबकड्या, आणि चौथी, जी कधी बाहेर आलीच नव्हती. झाकणावर रेनोचा फोटो. छान आहे. फक्त त्याचा पुढचा तुटका दात कोणीतरी भरून दिलाय. हॉकी खेळताना तो दात तूच काठीने तोडला होतास, तेव्हा मावशीने तुला अंगणभर पळवला होता. आता तो दात शाबूत. मला बघवेना. पेटी पालथी करून ठेवली.

सोबत तुझी चिठ्ठी. ‘ताई, पेटी विकायच्या संमतीचे दोन कागद आत आहेत; एकावर तू सही कर, दुसऱ्यावर हेल्मी मावशीची घे. वाढदिवसाला पेटी तिच्या हातात देऊन एक फोटो काढ. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम.’

उत्तम! हा शब्द मी किती वेळा वाचला असेन. म्हातारीच्या डोळ्यांतलं पाणी, आणि उत्तम. तुझ्या हाताला लिहिताना काही झालं नाही का रे?

असू दे. आधी तबकड्यांचं सांगते.

पहिल्या तीन मी एका दमात ऐकल्या. सगळं धुवून, इस्त्री करून ठेवल्यासारखं झालंय. आजोबांच्या बटाट्यांच्या तळघरात आपण ते वाजवलं होतं, तिथली ओल त्या आवाजात होती. दुसऱ्या तबकडीत मधेच आपला कुत्रा भुंकतो, तो गेला. ड्रमवर रेनो ध्रुपदाला आला की नेहमी थोडा पुढे पळायचा, आणि आपण त्याच्या मागे धापा टाकत जायचो. ते पळणंही गेलं. आता तो सरकारी कचेरीतल्या घड्याळासारखा वाजवतो. मला शिसारी आली, पण मी गिळलं. म्हटलं, सिल्व्हिया, तू म्हातारी झालीस, तुला सगळंच खुपतं.

मग शनिवारी दुपारी चौथी लावली. कॉफी केली होती, वेलदोड्याचा पाव कापला होता. क्लिफलाही समोर बसवला.

ती चौथी आपल्यासाठी काय होती, ते तुला मी सांगायला नको. पण तू विसरलेला दिसतोस, म्हणून सांगते. त्या हिवाळ्यात ती टेपांवर वाजवून झाली आणि मार्चमध्ये बर्फ फुटून रेनो बर्फगाडीसकट तळ्यात बुडाला. तुझ्यात नि माझ्यात त्या टेपांना हात लावायची हिंमत नव्हती. त्या माझ्या घरच्या तळघरात ट्रंकेत पडून राहिल्या, यंदा जुलैत तू घेऊन गेलास तोवर. मावशीने त्या कधीच ऐकल्या नाहीत. ‘अजून नको,’ म्हणायची, ‘सगळं ऐकून संपवलं तर मग पुढे काय?’ रेनो गायचा नाही. घरात कोणी कधी त्याचा आवाज धरून ठेवला नव्हता. गाणं सुरू व्हायच्या आधी तो मोजायचा, तेवढाच काय तो त्याचा आवाज या जगात उरलाय. जुन्या तबकड्यांवरचं ते मोजणं ऐकून ऐकून मावशीने दोन प्लेअर झिजवले.

आणि तो मोजायचा आजोबांच्या भाषेत, फिनिशमध्ये. यक्सी, काक्सी, कोल्मे. बस. चार कधी म्हणाला नाही. चारच्या जागी तो नाकाने जोरात श्वास ओढायचा, आणि त्या श्वासावर आपण तिघं उडी घ्यायचो. तूच त्याला चिडवायचास, ‘अरे रेनो, चार शिकवायच्या दिवशी शाळा बुडवलीस का?’ आणि तो म्हणायचा, ‘चार तुझ्यासाठी सोडलाय, तुला काहीतरी काम नको का?’

शनिवारी मी तबकडी लावली आणि तुझ्या त्या सोनेरी पेटीतला रेनो म्हणाला, ‘यक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्या.’

नेल्या! चार! अगदी स्पष्ट, खणखणीत.

‘काय गं, काय झालं?’ क्लिफने विचारलं. माझ्या हातातली कॉफी बशीत सांडली होती.

‘हा रेनो नाही.’

‘अगं, कधीतरी म्हणाला असेल चार.’

‘नाही म्हणाला. त्याच्या शेजारी उभं राहून मी अकरा हिवाळे काढलेत.’

मग मी माझाच बास ऐकला. दुसऱ्या गाण्यात मी एक घोडचूक केली होती, तुला आठवतं? तू मला आठवडाभर छळलं होतंस. ती चूक तिथे नाही. माझ्या जागी कोणीतरी माझ्यापेक्षा नीट वाजवून गेलंय. आणि गाणारा तू! तुझा आत्ताचा खरवडलेला आवाज, त्याला रंगरंगोटी करून पंचविशीत नेऊन बसवलाय. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.  

तरी मला वाटत होतं, यामागे काहीतरी कारण असेल. आणि मग ऑगस्टमधली गोष्ट डोक्यात आली.

ऑगस्टमध्ये मी नि क्लिफ आपल्या तळ्यावरच्या झोपडीत गेलो होतो. वाफ घ्यायला सॉना तापवला. मी वरच्या फळीवर बसले आणि उठता येईना. मांडीखाली तपकिरी, चिकट, लिबलिबीत घाण. वास असा, की कुठेतरी प्लास्टिक जळून कुजलंय. मी क्लिफला फाडून खाल्लं. मला वाटलं, त्यानेच फळ्यांना काहीतरी फासलंय. बिचारा शपथा घेत राहिला. आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. ती घाण खरवडून काढताना मला दोनदा ओकारी आली, आणि मी रेनोची तबकडी खरवडतेय हे मला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी तिथे परत गेले. टॉर्च घेऊन फळीखाली वाकून पाहिलं. एका खिळ्याला टेपची फीत गुंडाळलेली, ओढली तर हातातच भुगा झाली. तेवढ्यात युजीन आला, त्याचीही झोपडी पलीकडेच ना. तो म्हणाला, ‘जुलैत तुझ्या भावाला झालं होतं तरी काय? बाहेर माणूस वितळतोय आणि याच्या सॉनाचं धुराडं दिवसभर चालू! मी ओरडलो, अरे ड्वेन, स्वतःला शिजवतोस की काय? तर म्हणाला, औषध चाललंय.’

औषध! आता सगळं जुळलं. जुन्या टेपा चिकट होतात, त्यांना मंद, कोरड्या उबेत ठेवून सुकवावं लागतं, आणि ते जाणत्या माणसाच्या यंत्रात करायचं असतं. हे तूच मला जुलैत ट्रंक उचलताना सांगितलंस. मग त्या जाणत्या माणसापर्यंत जाईतोही तुला धीर निघाला नाही? ‘ऊबच हवी ना, आपल्याकडे सॉना आहे की!’ असंच झालं ना? तापलेल्या दगडांच्या वर, वरच्या फळीवर, टेपा मांडल्यास. आणि मला हेही दिसतंय की तू आत जाऊन बसलास, हात आपोआप पाण्याच्या बादलीकडे गेला आणि तू दगडांवर पाणी ओतलंस. कोरड्या उबेत नुसतं बसून राहणं आपल्या रक्तातच नाही. आजोबांपासून कोणाला जमलं नाही, तुला काय जमणार! वाफ आली आणि सगळं संपलं.

खरं सांगू? इथपर्यंत मला तुझी किळस नाही आली. इथपर्यंत मला हसूच आलं, कडू का होईना. असला गाढवपणा आपल्याच घरात होऊ शकतो. तू तेव्हाच धावत माझ्याकडे आला असतास, ‘ताई, माती झाली’ म्हणाला असतास, तर मी तुला शिव्या घातल्या असत्या, तुझ्या गळ्यात पडून रडले असते आणि मग कॉफी ठेवली असती. पण तू हात पुसलेस, शिकागोला परतलास, तिथे कोणा वाजवणाऱ्या मुलाला पकडलंस आणि मेलेल्या माणसाच्या तोंडात ‘नेल्या’ कोंबलंस. आणि वर त्याचं नाव लिहिलंस. ‘रेनोचं अखेरचं वादन’!

तू म्हणशील, कोणाला कळणार आहे? हेच तर घाण वाटतं. तू ते वाक्य स्वतःला म्हणून पाहिलं असणार.

आता मावशीचं. हे लिहायचं टाळत मी बटाट्यांपर्यंत जाऊन आले.

काल तिचा वाढदिवस होता. मी ठरवलं होतं, पेटी न्यायचीच नाही. केक न्यायचा, केस विंचरून द्यायचे आणि यायचं. पण तू तिला परस्पर कार्ड धाडलं होतंस, ‘रेनोची शेवटची तबकडी ताई घेऊन येतेय.’ वृद्धाश्रमातल्या नर्सने ते तिला वाचून दाखवलं होतं. मी गेले तर मावशी निळा झगा घालून, लिपस्टिक लावून बसलेली. टेबलावर प्लेअर तयार.

‘आणलीस?’

‘मावशी, आधी केक कापू या.’

‘केक पळून जात नाही. इतकी वर्षं मी घाबरले, आता पुढचा हिवाळा मिळेल न मिळेल. लाव.’

पेटी गाडीत होती. मी आणली, लावली. दुसरं काय करणार होते?

तिने हात टेबलावर ठेवला, बोटांनी ठेका धरायला. यक्सी, काक्सी, कोल्मे, आणि नेल्याला तिचं बोट तसंच वर राहिलं. पण तिने गाणं मधे तोडलं नाही, पूर्ण ऐकलं. म्हणाली, ‘दुसरं लाव.’ पुन्हा नेल्या. ‘बंद कर, सिल्व्हिया.’

मी तुझ्यासाठी खोटं बोलायला लागले, ड्वेन. ‘अगं मावशी, जुनी टेप ना, साफ करताना आवाज जरा...’

तिने माझा हात दाबला. ‘टेप गेली का?’

‘गेली.’

‘सगळी?’

‘सगळी, मावशी.’

 नर्स मेणबत्त्या घेऊन आली, तिला मी हातानेच थांबवलं. मग मावशी म्हणाली, ‘पोरगा छान वाजवतो. कोणाचा गं?’

‘माहीत नाही.’

‘त्याला आई असेल ना? तिने दुकानात पेटी पाहिली तर तिला तिच्या मुलाचं नाव दिसायला नको? ड्वेनला सांग, त्याचं नाव घाल. माझ्या मुलाचं काढ.’

आणि मग, इतकं सगळं झाल्यावर, ती म्हणाली, ‘ड्वेन बरा आहे ना? किती घाबरला असेल तो मला सांगायला. लहानपणापासून तसाच आहे. त्याला म्हणावं, ये. मी रागावणार नाही.’

त्या क्षणी मला तुझी किळस आली. टेपची नाही, पेटीची नाही. तुझी. जिचं तू सगळं घेतलंस, ती बाई तुझ्या भीतीची काळजी करत होती, आणि तुला तिचे ओले डोळे फोटोत हवे होते.

पेटीतला तिचा कागद तिने सही न करता घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला. माझाही कोराच आहे. दोन्ही चुलीत गेले. तिने सांगितलेलं तू कर: त्या मुलाचं नाव घाल, रेनोचं काढ. मग ती चौथी तबकडी तुझी, हवी तितकी वीक. आणि इथे ये. फोन नको, कार्ड नको. तिच्यासमोर खुर्ची घेऊन बस आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांग. बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आत ये.

ती रागावणार नाही म्हणाली आहे. ते काम मी करतेय आणि करत राहीन.

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. तो तिच्याकडून घेऊन जा.

सिल्व्हिया