चार इस्पिक आणि बाबांची टाळी

ब्रह्मपुरी, रविवार संध्याकाळ

आज पुन्हा नितीनकडून हरले. मोबाइलवरचा पोकर, तोही नुसत्या खोट्या चिप्सचा, तरी मनाला लागलंय.

माझ्याकडे इस्पिकची दोन पानं, टेबलावर आणखी दोन. एक आलं की एकाच रंगाची पाच पुरी, म्हणजे डाव माझा. राजुऱ्याला बसलेल्या माझ्या या धाकट्या भावाकडे चिप्स जेमतेम उरल्या होत्या. वाटलं, मोठी बोली लावली की घाबरून पानं टाकेल. काऊन टाकेल? उरलंसुरलं सगळं त्याने पुढे ढकललं. फोनवर हसत म्हणाला, "ताई, माह्याजवळ आहेच काय गमवाले? भेव कोणाले दाखवून राह्यली?"

खरंच होतं ते. इस्पिक आलं असतं तरी त्याच्याकडून मिळणार काय होतं? मूठभर. तो माघार घेणारही नव्हता. हे सगळं कळतं मला. तरी चार इस्पिक पाहून हुरळले. पुढची दोन्ही पानं बदामची निघाली आणि नितीन नुसत्या नव्व्यांच्या जोडीवर जिंकला.

शेजारी बसलेल्या बाबांनी टाळी वाजवली. "वा रे माह्या वाघा!"

बाबा राहतात माझ्याकडे. त्यांची औषधं, दवाखाना, पथ्याची भाजी, सगळं मी बघते. नितीन दिवाळीला तरी येतो का? शेवटी विचारलंच, "बाबा, एकदा तरी माह्या बाजूनं बोलाचं होतं ना?"

ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "तुह्या बाजूनं कायले? तू तर इथीच आहेस."