कागदाच्या मागचे डोंगर

आणि माझ्या सायकलचं मागचं चाक भावजींनी काढून मांडीवर घेतलं आहे, त्यामुळे मला पत्र लिहायला भरपूर वेळ आहे. ते रस्त्याकडेला बसलेत. ब्रेकची रबरं नखाने खरवडतात, हुंगतात, बाजूला ठेवतात. मघाशी म्हणाले, "नापास." तीन दिवसांत माझ्याशी बोललेला हा अकरावा शब्द. मी मोजतो आहे, कारण तू मोजायला सांगितलं होतंस.

ताई, नमस्कार राहिला, तो इथे घे. तुझे गुडघे कसे आहेत? (माझे विचारू नकोस.) आम्ही तिसऱ्या खिंडीच्या माथ्यावर आहोत. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांची एक पत्र्याची शेड आहे, तिच्यात दोन बाकं आणि एक फावडं आहे. दुपारचे तीन वाजलेत. वारा आहे.

तुला सांगून निघालो होतो ते असं: चार दऱ्या, तीन खिंडी, जिथून सुरुवात तिथेच शेवट. चढ उभे, उतार सावकाश. चढ आम्ही हातात सायकल धरून चढणार होतो आणि उतारावर भावजींना ब्रेकला बोटही लावावं लागणार नव्हतं. ज्या माणसाने चौतीस वर्षं बसडेपोत ब्रेक तपासले आणि गेली दोन वर्षं चाकं असलेल्या कशातही पाय ठेवला नाही, त्याच्यासाठी याहून चांगली वाट मला आखता आली नसती. आखलीही बरोबर होती. फक्त आम्ही ती उलटी फिरलो.

ते कसं झालं हे सांगतो, हसू नकोस. आमच्या नकाशांच्या ऑफिसात रस्ते ट्रेसिंगच्या कागदाच्या पुढच्या बाजूने काढायचे आणि डोंगर मागच्या बाजूने, म्हणजे रस्ता खोडताना डोंगर पुसला जात नाही. रस्ते काढणारे वेगळे होते. मी एकतीस वर्षं डोंगर काढले. म्हणजे हा सगळा मुलूख मी खुर्चीत बसून आणि मागून पाहिला आहे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या सरळ दिसतात. वाट मी त्याच सवयीने कागदाच्या मागून आखली आणि पहिल्याच फाट्यावर डावीकडे जायचं तिथे उजवीकडे वळलो. सरळ रस्त्यावर चुकलेला माणूस भलत्या गावी पोचतो आणि त्याला कळतं. गोल रस्त्यावर चुकलेला योग्य त्या गावांतूनच जातो, फक्त शेवटचं गाव आधी येतं. पहिला चढ फार सोपा लागला तेव्हा मला वाटलं, आपली तब्येत सुधारली.

मग उतार आला. जो चढायला ठेवला होता तो. भावजी उतरले, सायकलचे दोन्ही ब्रेक आवळून धरले आणि आठ किलोमीटर चालत खाली गेले. मीही चाललो. दुसऱ्या खिंडीत माझा धीर सुटला (तुला माहीत आहे, तो लांबीला कमीच आहे) आणि मी सायकलवर बसून पुढे गेलो. रबरं जळल्याचा वास आला. पाचव्या वळणावर एका बाईंच्या कोबीच्या वाफ्यात थांबलो. बाईंनी आधी कोबीचे गड्डे मोजले. भावजी दोन तासांनी चालत आले. माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे जरा जास्त वेळ पाहिलं. बोलले ते आज, तो अकरावा शब्द.

दुधाची गाडी आली आहे. थांबतो.

पाच वाजून गेले. गाडी चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल, वरच्या वाडीतलं दूध सकाळ-संध्याकाळ खाली नेतात. आम्हाला पाहून स्वतःच थांबल्या. "सायकली टाका मागे," म्हणाल्या. मी टाकायला उठलो तर भावजी गाडीखाली गेलेले.

"काका, खाली काय हरवलंय?"

"तुमचा हँडब्रेक," खालून आवाज आला.

"तो केव्हाच हरवलाय."

"मग उभी कशावर करता?"

"दगडावर."

"दगड कुठाय?"

बाईंनी सीटखालून दगड काढून दिला. भावजींनी तो वळवून पाहिला. "हा चालेल," म्हणाले आणि माझ्या पिशवीतला पान्हा मागितला. त्यापुढे मी शब्द मोजायचं सोडलं. सव्वा तास बाई शेडमध्ये बसून मला सांगत होत्या, "दूध नासलं तर वाडीवाल्यांना तोंड तुम्ही दाखवायचं." भावजी कोपरापर्यंत काळे होऊन बाहेर आले. म्हणाले, "पास."

बाईंनी पुढचं दार उघडलं. भावजी दारापर्यंत गेले. सीटकडे पाहत उभे राहिले.

"बसा की. तुम्हीच पास केलीत ना?"

"ती पण मीच केली होती," भावजी म्हणाले.

ती म्हणजे कोणती, हे बाईंना माहीत असायचं कारण नाही. दोन वर्षांपूर्वी त्या बसवर दरड आली, ब्रेकचा दोष नव्हता, असं चौकशीवाल्यांनी लिहून दिलेला कागद तुझ्या कपाटात आहे आणि भावजींनी तो अजून वाचलेला नाही, हेही त्यांना माहीत नाही. बाईंनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं नापास गाडीतून जाते. आज पहिल्यांदा पास गाडीतून चालले. सकाळी सहाला रिकामी गाडी घेऊन वर येते. आले तर बसा."

गाडी गेली. भावजी कठड्यापाशी उभे राहून वळणावळणावरचा तिच्या ब्रेकचा आवाज ऐकत होते. आवाज येईनासा झाल्यावर मला विचारलं, "नकाशेबुवा, खाली वळणं किती?"

"एकोणीस," मी म्हणालो. "कागदावर."

"बरोबर आहेत."

माझा कागद जागेवर कुणी तपासल्याची ही पहिलीच वेळ. बाकीची ख्यालीखुशाली ठीक. बाकं अरुंद आहेत. थोरल्या बहिणीला साष्टांग नमस्कार घालायची रीत आहे, पण मला आज वाकवत नाही, तरी घातला असं समज.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. लेकीचे दिवस भरत आलेत म्हणून तू पंधरा तारखेला एकटीच तिच्याकडे निघाली आहेस. त्या बसचं आणखी एक तिकीट काढून ठेव. भावजींना सांगू नकोस. आणि बस दीड तास उशिरा सुटेल, हे डेपोत आधीच कळव.

ता. क. (सकाळी) भावजी पावणेसहापासून रस्त्यात उभे होते. गाडी सहा वीसला आली. कॅन भरून झाल्यावर ते आधी खाली वाकले, मग पुढे बसले. कॅनमुळे मागे सायकलींना जागा उरली नाही. दोन्ही सायकली ढकलत मी चालत उतरतो आहे. पोस्ट खालच्या गावात आहे.