बेलगुराचा एक हात

सोमवार, ३ जून

१ जुलैपासून सकाळची ५.४८ आणि ६.२१, दोन्ही गाड्या बेलगुराला थांबणार नाहीत. रेल्वेच्या प्रवक्त्याने दुपारी सव्वातीनला फोनवर दुजोरा दिला. कारण विचारलं.

"दोन्ही गाड्या मिळून रोजचे प्रवासी दोन."

"दोनशे?"

"दोन."

लिहून घेतलं, आभार मानले, फोन ठेवला. एकतीस वर्षांची सवय – आधी लिहायचं, मग चिडायचं.

दोन! आज ६.२१ ला मी चढलो तेव्हा दारात रेटारेटी होती. निदान पंधरा माणसं. ५.४८ ला तर त्याहून जास्त असतात.

मेरेडिथला बातमी दाखवली. संपादकबाईंनी चष्मा वर केला. "चार ओळींत घाल. पण 'आपली गावं'मधला तुझ्या बेलगुरावरचा लेख मला हवाच, डेस. नऊशे शब्द, बुधवार १९ तारखेपर्यंत. जरा आनंदी असू दे. तुमच्याकडे आनंदी काहीतरी असेलच की?"

मंगळवार, ४ जून

लेखाची पहिली ओळ: "बेलगुरा हे सिडनीला झोपायला लागणारं गाव आहे." खोडली. खरी आहे, पण खोडली.

दिवसा इथे असतं कोण? दुकानातली बाई, शाळेतली पोरं, तारांवरचे मॅगपाय पक्षी आणि नोला प्रुएट. बाकी गाव सकाळी जातं, अंधार पडल्यावर परत येतं. शेजाऱ्याचा चेहरा उजेडात दिसतो तो शनिवारी, गवत कापताना.

संध्याकाळी सीना कुंपणाशी आली. माझी शेजारीण, सीना लेआवासा. शहरातल्या एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करते. तिला फिट येते, म्हणून गाडी चालवायचा परवाना नाही. ५.४८ नाही तर काहीच नाही.

"बातमी खरी आहे का रे?"

"खरी आहे."

"मग मी लेकीला घेऊन, गाव सोडून कुठे जाऊ? या वर्षी पहिल्यांदा तिला मैत्रीण मिळालीय, डेस."

म्हटलं, बघू. पत्रकाराने कधी 'बघू' म्हणू नये.

बुधवार, ५ जून

लेख: शून्य शब्द.

शुक्रवार, ७ जून

दोनचा उलगडा झाला. हसू की रडू!

आमचा हॉल्ट म्हणजे दीड डब्याचा फलाट. पाटी आहे: 'गाडी थांबवायची असल्यास हात दाखवा.' हात दाखवला नाही तर गाडी सरळ निघून जाते. आणि हात दाखवते नोला. फक्त नोला. वीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडायला यायची. थंडीत त्याला मोटारीतच बसवून स्वतः फलाटाच्या टोकाला उभी राहायची. मग बाकीचेही आपापल्या मोटारीत बसून राहायला लागले. नवरा गेला, ती येतच राहिली. आम्ही सगळे हीटर लावून बसतो, ब्रेकचा आवाज आला की दारं उघडतो. "नोला आली का?" हाच इथला नमस्कार.

ती स्वतः कधीच गाडीत चढत नाही. दोन्ही गाड्या थांबवते आणि घरी जाऊन टोस्ट खाते.

आज गार्ड हरमीतशेजारी उभा राहिलो आणि सरळ विचारलं. त्याने नोंदवही उघडून दाखवली. आमच्यासारख्या हॉल्टसाठी रकाना आहे – 'दाखवलेले हात'. चालक पुढून सांगतो, गार्ड लिहितो. बेलगुरा, ५.४८: एक. बेलगुरा, ६.२१: एक. वर्षानुवर्षं.

"अरे, पण आम्ही इतके जण तुझ्या डोळ्यांदेखत चढतो!"

"रकाना हातांचा आहे, डेस. मला वाटायचं, माणसं दुसरीकडे कुठेतरी मोजत असतील."

कुठेच मोजत नाहीत. हॉल्टवर तिकिटाचं कार्ड टेकवायचं यंत्र नाही आणि आमचे सगळ्यांचे पास पुढच्या मोठ्या स्टेशनच्या नावावर निघतात.

म्हणजे रेल्वेच्या लेखी बेलगुरात दोनच प्रवासी. आणि दोन्ही वेळा नोला. जी प्रवासीच नाही!

मग हरमीत हळूच म्हणाला, "हे छापू मात्र नकोस. प्रवास करायचा नसताना गाडी थांबवणं हा गुन्हा आहे. रोज दोनदा, वीस वर्षं... हिशोब कर."

मी वही मिटली. असं कधी करत नाही.

मंगळवार, ११ जून

प्रवक्त्याला पुन्हा फोन. आकडा चुकीचा असू शकतो, एवढंच म्हटलं. कसा ते सांगितलं नाही. तो बरा माणूस वाटला. म्हणाला, "१७ ते २१ जूनच्या नोंदी वेगळ्या काढून पाहू. त्या आठवड्यात निरीक्षकही येऊन जाईल. कोणत्या दिवशी ते सांगणार नाही."

मेरेडिथ: "लेख?"

"चाललाय."

चाललेला नाही.

रविवार, १६ जून

अग्निशमन दलाच्या शेडमध्ये गावाची सभा. मी उभा राहून रकान्याचं सगळं सांगितलं. आधी हशा पिकला.

लॉयड प्लंबर म्हणाला, "म्हणजे आपण सगळ्यांनी बाहेर उभं राहून हात वर करायचा? पावणेसहाला? जूनच्या कडाक्याच्या थंडीत?"

"पाच दिवस, लॉयड."

"मी तर शाळेतही कधी हात वर केला नाही बाबा!"

मग खरा प्रश्न निघाला. निरीक्षक आला आणि नोलाकडे तिकीट मागितलं तर? ती सापडणार आणि आमचा आकडाही खोटा ठरणार. तिने आठवडाभर येऊ नये, यावर एकमत. तिला सांगणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डेस सांगेल. त्याला शब्द जमतात."

सभेनंतर तिच्याकडे गेलो. शब्द अजिबात जमले नाहीत.

"नोला, या आठवड्यात तू जरा आराम कर."

"आराम? मला काय झालंय?"

रकाना, निरीक्षक, गुन्हा, सगळं सांगितलं. ती चहात साखर ढवळत राहिली. ती साखर घेत नाही.

"आणि गाडी कोण थांबवणार?"

"आम्ही सगळे."

"सगळे," ती म्हणाली. "बरं. करा हो, राजे."

सोमवार, १७ जून

गाडी गेली. थांबलीच नाही.

धुकं होतं. मी आज मुद्दाम ५.४८ साठी आलो होतो. मोटारी नेहमीसारख्या रांगेत, काचांवर वाफ. मला वाटलं, पुढच्या मोटारीतलं कुणीतरी उतरेल. पुढच्यांना वाटलं, मागचं कुणीतरी. अर्धा मिनिट आधी उतरू, असं प्रत्येकाने ठरवलं होतं, आणि आम्ही सगळे आयुष्यभर ज्याची वाट पाहत आलो त्याचीच वाट पाहत होतो – ब्रेकच्या आवाजाची. आवाज आला तो थेट डब्यांचा. धाड-धाड-धाड. मग तांबडे दिवे. मग काहीच नाही.

सव्वीस माणसं मोटारींतून उतरून रिकाम्या रुळांकडे बघत उभी.

नाही, पंचवीस. सीना फलाटावर होती. तिने हात वर केला होता! शेडच्या छपराखाली उभी राहून, एकटीने. चालकाला दिसलाच नाही. ती तशीच उभी होती, हात अजून अर्धा वर.

मी तिला मोटारीने शहरात नेलं. अडीच तास. वाटेत एकदाच बोलली. "या महिन्यात दुसऱ्यांदा उशीर. मुकादम म्हणालाय, तिसऱ्यांदा झाला तर येऊच नकोस."

आजची नोंद: बेलगुरा, ५.४८ – शून्य.

नोलाचा एक तरी असायचा.

मंगळवार, १८ जून

आज थांबली. मी टोकाला उभा राहून दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरवले. चालकाला वाटलं अपघात झालाय! माझ्याबरोबर सीना, लॉयड आणि दुकानातल्या बाईचा नवरा. चार हात. बाकीच्यांनी ब्रेकचा आवाज ऐकला आणि आरामात उतरले. सवय!

६.२१ ला तीन.

मेरेडिथला आकडे सांगितले, नोलाचंही सांगितलं. ती म्हणाली, "डेस, लेखात ती बाई घाल. नाव, फोटो, वीस वर्षं. देशभर गाजेल. रेल्वेची हिंमत होणार नाही."

"आणि झाली तर?"

"तर आणखी गाजेल."

ती वाईट नाही. मीही तिच्या खुर्चीत असतो तर हेच म्हणालो असतो. माझ्याच खुर्चीत बसून याआधी म्हणालोही आहे.

संध्याकाळी नोलाकडे. दार उघडलं, आत घेतलं नाही.

"काल शून्य, ना? इथून ऐकलं मी. ब्रेक लागला नाही की खिडकीची काच वेगळी वाजते."

"चुकलो, नोला."

"ती सामोअन पोरगी, सीना, कुठे उभी होती?"

"शेडखाली."

"शेडखाली!" तिने कपाळावर हात मारला. "अरे, तिसऱ्या खांबापाशी उभं राहायचं, दिवा पाठीशी ठेवून. मागे दिवा असला की धुक्यातही हात काळा उठून दिसतो. आणि गाडी वळणावर असतानाच वर करायचा, समोर आल्यावर नाही. तू एकोणीस वर्षं इथून गाडी पकडतोस, कधी पाहिलं नाहीस?"

नाही पाहिलं. काचेवर वाफ असायची.

"फलाटावर येणार नाही मी," ती म्हणाली. "पण कुंपणाबाहेरचा रस्ता काही रेल्वेच्या बापाचा नाही."

बुधवार, १९ जून

५.३५. गवतावर हिम. कुंपणाबाहेर नोला – पायात गमबूट, नवऱ्याचा जुना ओव्हरकोट, हातात टॉर्च. मोटारींच्या रांगेतून काचा ठोकत गेली.

"उतर! तू उतर! आणि महाराणी, ती लिपस्टिक गाडीत लाव!"

मग कुंपणावरून कवायत. "दोन रांगा करा! उंच माणसं मागे! लॉयड, खांद्यापर्यंत नाही रे, बगल दिसू दे! हातमोजे काढा, जाड हातमोज्यांत बोटं कुणाला दिसणार? बाळा, तू पुढे ये." हे सीनाला. "तिसरा खांब तुझा."

"गार आहे, नोला आंटी!"

"मला वीस वर्षं गरम होतं का गं?"

सगळ्यांनी हातमोजे काढले.

वळणावर दिवा दिसला. "आता!" असं ती ओरडली. सव्वीस हात. मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच बेलगुराचे सगळे चेहरे एकदम पाहिले. गाडी इतकी हळू आली की वाटलं चालक घाबरलाय. खिडकीतून वाकून तो मोजत होता, ओठ हलत होते.

६.२१ ला सतरा. हरमीत वैतागला. "रकान्यात एकाच अंकाची जागा आहे!"

"मग समासात लिही."

दुसऱ्या डब्यातून राखाडी कोटातला एक माणूस उतरला, हातात क्लिपबोर्ड. निरीक्षक. सगळ्यांचे पास पाहिले. मग कुंपणापलीकडे बघून मला म्हणाला, "आणि त्या बाई?"

खोटं कधी छापलं नाही. बोललो आहे का, आठवेना.

नोलानेच उत्तर दिलं. "मी होय? फिरायला निघालेय. तुमचा काही नियम आहे का रस्त्यावर?"

त्याने क्लिपबोर्डवर काहीतरी लिहिलं आणि गाडीत चढला.

लेख दुपारी दिला. नऊशे चार शब्द. त्रेचाळीस हात आहेत, हिम आहे, तिसरा खांब आहे. नोला नाही. मेरेडिथने दोनदा वाचला. "या सगळ्यांना उठवलं कुणी, ते यात नाही."

"नाही."

"बरं," एवढंच म्हणाली आणि पुढे पाठवला.

शुक्रवार, २१ जून

लेख आला. दोन दिवस त्रेचाळीस. आज चव्वेचाळीस – शाळा बुडवून सीनाची लेक आली होती. लॉयड आता सर्वांत आधी येतो.

नोलाने कुंपणावरून पेपर नाचवला. "चांगलं लिहिलंयस. माझं नाव नाही."

"नाव घातलं असतं तर..."

"कळतं रे मला," ती म्हणाली. पेपर घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "सोमवारपासून मी पुन्हा खांबापाशी. तुम्ही बसा आपले मोटारीत."

मंगळवार, २५ जून

निर्णय नाही. प्रवक्ता फोन उचलत नाही. सीनाने आज शहरातल्या दोन खोल्यांच्या जाहिराती कापून ठेवल्या. मला दाखवल्या नाहीत, टेबलावर दिसल्या.

नोला तिसऱ्या खांबापाशी. आम्ही मोटारींत. मीसुद्धा.

शुक्रवार, २८ जून

सोमवारपासून ५.४८ आणि ६.२१ बेलगुराला रोज थांबणार, कुणी मागणी करो वा न करो. बेलगुरा आता नियमित थांबा. 'हात दाखवा'ची पाटी रविवारी उतरवणार. प्रवक्त्याने साडेचारला दुजोरा दिला.

सीना कुंपणावरून उडी मारून आली आणि रडली. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये बिअरच्या बाटल्या फुटल्या. मग लॉयडने विचारलं, "नोलाला सांगितलं का कुणी?"

कुणीच नाही. सोमवारी ती ५.४० ला येईल, ओव्हरकोट घालून, आणि हात वर करण्याआधीच गाडीचे ब्रेक लागतील. त्याआधी तिला कुणीतरी सांगायला हवं. सगळ्यांच्या वतीने एकाने जावं असं ठरलं आहे. बाकीचे मोटारीत बसतील.

मी जाणार आहे.