वेळेआधी भरलेली टाळू

अख्तरबी,

आपली घरं एकाच गल्लीत, तरी वर्षभर तुझ्याशी बोलले न्हाई, म्हणून लिवायला बसले.

माझ्या नातवाला, वीरधवलला, तेल लावताना तू म्हणलीस, "शालू, पोराची टाळू लय लवकर भरली गं. डॉक्टरला दाव." मी तुझ्यावरच उखडले. तूच दाबून डोकं वाकडं केलंस म्हणले, आन तेलाची वाटी हातातनं काढून घेतली.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. कवटीच्या हाडांनी कवा वाढायचं, कवा थांबायचं, ते एक जीन ठरवतो. मेंदू वाढंपर्यंत हाडांमधल्या फटी उघड्या ठेवायचं त्याचं काम. आपल्या पोरात तो जन्मापासनंच बिघडलेला, म्हणून फटी लवकर मिटल्या. मालिशनं असं व्हत न्हाई.

ऑपरेशन झ्याक झालं. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं व्हतं, ते डॉक्टरांनीच काढलं! आता नवे केस आलेत, गडी भिंत धरून चालतोय.

मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. अख्तरबी, तो बिघडलेला जीन माझ्याकडनं आलाय. माझी डावी पापणी लोंबती, ती बी त्यामुळंच. चाळीस वर्सं तू मला 'डोळा मारती' म्हणून चिडवलंस.

हे पत्र काय मी धाडत न्हाई. वाटीत तेल घेऊन, पोराला काखेत मारून आताच तुझ्या दारात येते. दार उघडलंस की वाटी पुढं करीन. आधी माझ्या डोक्यावर हात ठेव, मग त्याच्या.

तुझी,
डोळा मारणारी शालू