दाजीचा हात

ता. १२ मार्च, गुरुवार
मुरबाड

आये,

रात्री मी झोपले नाय. परवा पण नाय. ह्यांचा श्वास ऐकत बसते. नेहमी घोरतात तसं नाय ते, वेगळंच काहीतरी हाय. मधीच थांबतो आणि मग एकदम जोरात येतो. थांबला का मी छातीवर हात ठेवून बघते. आता उजाडलंय, चूल पेटवली, आणि रंजीच्या वहीचं पान फाडून लिवायला बसले.

तू कशी हायेस? गुडघा दुखतो का अजून? इकडं रंजी बरी हाय. पुढच्या वर्षी पहिलीत घालायची. मोहाची फुलं पडायला लागलीत. सकुबाई आज तुमच्या खर्डीला तिच्या लेकीकडं जाते, तिच्याजवळ हे पत्र देते. ती दुपारपर्यंत तुझ्या दारात येईल. तुला वाचता येत नाय, तिला पण येत नाय, म्हणून शेजारपाजारचं जे कोणी वाचंल त्यानं सावकाश वाचावं. माझं अक्षर बरं नाय, चौथी शिकलेल्या बाईचं हाय.

आये, आधी वाळूदादाचं सांगते. तू पत्र फाडायला सांगू नको. त्याचं नाव काढलं का तू उठून जातेस, माहीत हाय मला. बस खाली.

शिवरात्रीच्या जत्रेत कुस्तीच्या खेळात वाळूदादानं ह्यांच्या पाठीत खुर्ची घातली, ते खरं नव्हतं. ठरलेलं होतं. सगळं ठरलेलं होतं गो. खुर्ची घालायची, कधी घालायची, कुठं लागंल, सगळं. आमच्याच ओट्यावर दोघांनी आठ दिवस ते करून बघितलं. पत्र्याची खुर्ची, पाठीवर सपाट मारायची, आवाज मोठा येतो आणि लागत नाय. रंजी टाळ्या वाजवायची. ह्यांनी दादाला सांगितलं, "अरे जोरात मार ना, बायकोचा भाऊ हायेस, मनात राग तर असंलच." दादा हसून हसून खाली बसला.

हे दोघं गोडाऊनला एकत्र गोणी उतरवायचे तेव्हापासूनचं वेड हाय ते. जेवायच्या सुट्टीत मोबाइलवर फ्रीस्टाइल कुस्ती बघायचे, परदेशातली. लग्न झाल्यावर मला पण दाखवायचे. एक माणूस लोखंडी पिंजऱ्याच्या टपावरनं खाली टेबलावर पडला, टेबलाचे तुकडे झाले, आणि तो परत उठून वर चढला. एका जोडीतल्या माणसानं आपल्याच दोस्ताला मारलं, तेव्हा लोक रडले. आणि एक माणूस वरनं दोरीनं उतरत होता, तो पडला. तो उठला नाय. लोकांना वाटलं हे पण खेळातलंच. ती गोष्ट सांगताना हे हळू बोलायचे. मला म्हणायचे, "सावळे, आमच्या धंद्यात हे सगळ्यात वाईट. खरं लागलं तरी लोक हसतात."

मला आता तेच सारखं आठवतं.

मग जत्रेत कुस्तीचे खेळ लावणारा तो खेळवाला भेटला आणि हे दोघं सुट्टीच्या दिवशी जत्रांमधनं खेळायला लागले. फलकावर लिवायचा, दाजी आणि मेव्हणा. तू पण बघितलेस की किती खेळ. पोरं ओरडायची, "दाजी! दाजी!" बायका दादाला लाडू द्यायच्या. तीन वर्षं लोकांनी डोक्यावर घेतलं. मग खेळवाला म्हणाला आता जोडी फोडूया, मेव्हण्यानं दगा द्यायचा, शिवरात्रीला फोडायची आणि चैत्राच्या जत्रेत बदला घ्यायचा. चैत्रात दादा रिंगमध्ये सगळ्यांसमोर ह्यांच्या पाया पडणार, हे त्याला उचलून मिठी मारणार. तोपर्यंत कोणाला सांगायचं नाय, एकमेकांच्या घरी जायचं नाय. म्हणून दादा त्याची पिकअप गाडी घेऊन आमच्या दारात येत नाय.

आणि तुला सांगायचं नाय असं दोघांनी ठरवलं. तुझ्या पोटात काय राहत नाय आये. तू पाणवठ्यावर बोलली असतीस. दादा म्हणाला, "आये दोन महिने शिव्या घालंल, मग मिठी मारल्यावर सगळ्यात आधी तीच रडंल." दोघांना मजा वाटली. मला पण वाटली.

पण तू शिव्या घालून थांबली नायस. तू त्याचं अंथरूण अंगणात फेकलंस. म्हणालीस, बहिणीचं कुंकू पुसायला निघाला, माझ्यासाठी मेला. मग तो आटगावला खोली घेऊन राहिला. ते ऐकून हे आठ दिवस हसले नायत. मला म्हणाले, "चैत्रात बदला झालाच पाहिजे. त्याशिवाय तुझी आय त्याला घरात घेणार नाय." तेव्हापासून एकच धोशा, चैत्र, चैत्र.

तर खुर्चीनं ह्यांना काय झालं नाय, हे तुला कळलं असंल. पण झालंय काहीतरी.

जत्रेनंतर पाचसहा दिवस डोकं दुखायचं. हे म्हणायचे ऊन लागलं. मग सकाळी ओकायला लागले. शिमग्याला होळीपाशी आले नायत, दिवसभर झोपून. हाक मारली तर "हां" म्हणतात आणि परत डोळे मिटतात. परवा चहाचा कप हातातनं पडला, डाव्या हातातनं. काल डाव्या पायातली चप्पल निसटली आणि त्यांना कळलंच नाय, तशीच मागं टाकून चालत गेले. रंजीला तीनदा सावळे म्हणाले.

मी डॉक्टरकडं नेलं होतं शिमग्याआधी. डॉक्टरनं विचारलं डोक्याला लागलंय का. हे म्हणाले नाय, काय नाय. डॉक्टर चांगला होता बिचारा. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, उलटी झाली, झोप वाढली का मोठ्या दवाखान्यात न्या, डोक्याचा फोटो काढावा लागंल, थांबू नका. मी थांबले नाय आये. सोमवारी शेजारच्या घरातनं फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी दारात आली आणि काय सांगू तुला. हे उठले. तोंड धुतलं, बाहेर गेले, छाती ठोकली. गाडीवाला ओरडला, "अरे दाजी! तुमीच का ते?" ह्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. बरोबरचा डॉक्टर म्हणाला तपासून तर घ्या, चला. हे म्हणाले मला काय झालं नाय, बायको घाबरट हाय. जबरदस्तीनं कोण नेणार? गाडी गेली. हे आत आले आणि भिंतीला धरून खाली बसले, आणि ओकले.

सासू म्हणते, "नाटक्या मेला. पोट धरून लोळायचेच पैसे घेतो ना जत्रेत? कामाला जायला नको म्हणून घरात पण तेच." शेजारी पण तसंच बोलतात. काल कोणीतरी खिडकीतनं विचारलं, "काय दाजी, उठताय का हरलात?" आता कोण परत गाडीला फोन करायला देत नाय, म्हणतात उगाच हसं होतं. ह्यांचा मोबाइल ह्यांच्या उशाखाली, त्याला कुलूप. आणि त्यातला दादाचा नंबर तर ह्यांनीच काढून टाकलाय, खेळवाल्यानं सांगितलं म्हणून. मला तो पाठ नाय.

आता जे लिवायचंय ते मी सकाळपासून पुढं ढकलते. हे वाचणाऱ्यानं जरा थांबावं. आयेला पाणी द्यावं.

आये, तू त्या दिवशी रंजीला माझ्या मांडीवर टाकून उठलीस. खुर्चीचा आवाज झाला तशी तू चप्पल काढलीस आणि गर्दीतनं रिंगकडं धावलीस. सगळी जत्रा ओरडली. तू कडेला चढलीस, चढून दादाला चपलेनं मारलंस. लोकांना वाटलं हे पण ठरलेलंच, सासूचा पार्ट हाय. शिट्ट्या काय, टाळ्या काय. सगळ्या मोबाइलवर तूच हायेस. ते मी पण बघून हसले होते.

परवा हे झोपलेले, मोबाइल छातीवर चालूच राहिलेला, तोच व्हिडिओ परत परत लागत होता. मी पहिल्यांदा तुझ्याकडं न बघता ह्यांच्याकडं बघितलं.

ह्यांनी पडून राहायचं होतं. खुर्ची लागल्यावर हलायचं नाय असं ठरलं होतं. पण तुझा पाय कडेवरनं सरकला गो. तू मागं जात होतीस, पाठीवर, खाली लोखंड. तेव्हा हे उठले. दोरीच्या बाहेर अर्धे आले आणि तुला कमरेला धरून आत ढकललं. तू आत पडलीस दादाच्या अंगावर, आणि लगेच परत त्याला मारायला लागलीस. तुला कळलंच नाय कोणी धरलं ते. हे बाहेर गेले. डोक्यावर. रिंगचा जो लोखंडी पाय असतो त्याच्यावर. गादी त्या बाजूला नव्हती, कारण त्या बाजूला कोणी पडायचंच नव्हतं.

कोणीच बघितलं नाय. सगळे तुझ्याकडं बघत होते. मी पण.

मी ह्यांना विचारलं. मग म्हणाले, "आयेला सांगायचं नाय. म्हातारी जीव देईल. आणि वाळूला पण नाय, तो आयेला बोलंल." म्हणून डॉक्टरला पण खोटं बोलले. कुठं पडलो, कसं पडलो, विचारतील, आणि मग सगळं निघंल. आये, मी त्यांचा शब्द मोडते. तुझी चूक नाय. तुझा जावई खरा मार खातोय असं तुला वाटलं, म्हणून तू धावलीस. मी तुझ्या जागी असते तर मी पण धावले असते. आमी तुला सांगितलं असतं तर तू बसून राहिली असतीस. एवढंच.

पण वाळूदादाला शिव्या घालू नको आता. त्यानं तर विचारलं होतं. ह्यांच्यात एक पद्धत असते. वरनं मारामारी चाललेली असते, कान पिळतात, हात मुरगळतात, आणि त्यातच गुपचूप हात दाबायचा. म्हणजे, बरा हायेस ना? समोरच्यानं परत दाबला का बरा. नाय दाबला का खेळ तिथंच बंद. व्हिडिओत दिसतं, तुझ्या चपला खात दादा खाली उतरला, ह्यांचा हात मुरगळल्यासारखा धरला. त्यानं दाबला. आणि ह्यांनी परत दाबला. बरा हाय म्हणून सांगितलं. म्हणून दादा आटगावला निवांत झोपतो. त्याला काय माहीत नाय.

घरी पण ह्यांचा खेळ असतो रंजीबरोबर. हे जमिनीवर पडायचे, रंजी अंगावर पडून जमीन थोपटायची, एक, दोन, आणि तीन म्हणायच्या आत हे उडी मारून उठायचे. रोज. तीन झालं का हरले, पण कधी तीन झालं नाय. काल संध्याकाळी रंजी गेली आणि ह्यांच्या अंगावर पडली. एक. दोन. थांबली. माझ्याकडं बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, तीन. मग मला म्हणाली, "आई, मी जिंकले का?"

मी ह्यांच्याजवळ बसले आणि हात हातात घेतला. उजवा दाबला, ह्यांनी दाबला. डावा दाबला. मी अजून एकदा दाबला. नाय दाबला त्यांनी.

रात्रभर मधनं मधनं तेच करते. उजवा दाबतात, डावा नाय. पहाटे उजवा पण उशिरा दाबला.

हे दुसऱ्या कोणाचं ऐकणार नायत. दादानं समोर उभं राहून सांगितलं का चैत्राचा खेळ बंद, आयेनं मला घरात घेतलंय, चल दाजी, गाडीत बस, तर बसतील. नायतर तो उचलून नेईल. त्याला ह्यांना उचलायची सवय हाय. म्हणून आये, आज तू त्याला घरात घे. चैत्राची वाट बघू नको. मनातनं घे, म्हणजे तो खोटं बोलणार नाय.

मी घाबरलेय, पण रडत नाय. रंजीला भाकरी केली. अंथरुणाजवळच बसलेय.

तुझी,
सावळी

आता हे जे कोणी वाचत असंल त्याला. तू कोण हायेस मला माहीत नाय, बाई हायेस का पोरगी का बाप्या. आयेच्या दाराच्या मागं कोळशानं नंबर लिवलेत. ज्याच्या बाजूला गाडीचं चित्र काढलंय तो माझ्या भावाचा, आयेला ओळखता यावा म्हणून मीच काढलेलं. तिनं दादाचं अंथरूण फेकलं, पण तो नंबर पुसला नसंल, मला खात्री हाय. ती रडत असंल तर रडू दे, तू आधी दाराकडं जा. आत रेंज येत नाय, नंबर बघून दारातल्या चिंचेखाली जा आणि तिथनं लाव. जास्त काय सांगत बसू नको, पत्र वाचून दाखवू नको. माझ्या भावाला फोन कर, आणि म्हण, दाजी हात दाबत नाय.

एवढंच म्हण. त्याला कळंल.